‘बोलले’ आणि ‘दिले’

बँकेत मी एकतीस वर्षं कॅशवर काढली. तिथे पैसे काउंटरवर असतात, नाहीतर नसतात. मधली अवस्था नाही. रिटायर झाल्यावर पुलाची वर्गणी गोळा करायला बसले आणि पहिल्याच आठवड्यात वहीत दोन रकाने आखावे लागले. डावीकडे ‘बोलले’, उजवीकडे ‘दिले’. महिनाअखेरीस डावीकडची बेरीज ४,६०,००० झाली होती आणि उजवीकडची ६१,५००.

पूल कसला, ते आधी सांगते. इंदूरच्या दक्षिणेला, राजेंद्र नगरच्याही पुढे, आमच्या वस्तीला लागून एक तलाव आहे. त्याच्या पाळीवरून कडुनिंबांखालून जाणारी पाऊण किलोमीटरची वाट ही आमची रोजची. पलीकडे माळ. पळस, खैर, बाभळी आणि त्यांच्यामधून गुरांनी पाडलेल्या वाटा, पार टेकाडापर्यंत गेलेल्या. मध्ये नाला. उन्हाळ्यात पाणी घोट्याएवढंही नसतं, पण काठ दोन पुरुष खोल. हा नाला सरस्वतीला मिळतो, सरस्वती शहरात कान्हला आणि कान्ह उज्जैनजवळ क्षिप्रेला. म्हणजे आमच्या दारचं पाणी तीर्थाला जातं आणि आम्हाला समोरच्या पळसापर्यंत जाता येत नाही. हमरस्त्याने वळसा घातला तर अडीच किलोमीटर, तेही ट्रकांच्या अंगाला घासत.

म्हणून रविवारी आम्ही गाड्या काढून रालामंडलला जायचो. १९८९ पासूनचं अभयारण्य आहे, टेकडीवर होळकरांच्या शिकारीची जुनी इमारत आहे, चढही छान आहे. पण पायी चालण्यासाठी आधी तीस-चाळीस मिनिटं गाडीत बसायचं, यातला विनोद आम्हाला बरीच वर्षं कळलाच नाही.

नाल्यावर कुणीतरी विजेचा सिमेंटचा खांब आडवा टाकून ठेवला होता. धीट माणसं त्यावरून जायची. २०२३ च्या पावसाळ्यात पलीकडच्या झुडपात दूधराज दिसला. हा आमच्या मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी. माझी पुण्याची नणंद त्याला स्वर्गीय नर्तक म्हणते आणि आमच्या मराठीला हसते. त्या पांढऱ्याशुभ्र शेपटीकडे बघत मी खांबावर पाय टाकला आणि घसरले. उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लॅस्टर. डाव्या हाताने पोळ्या लाटता येत नाहीत, हे घरातल्यांना तेव्हा समजलं.

भेटायला आलेल्यांत आमचे इंजिनिअर काका होते. वय अठ्ठ्याहत्तर, उभी नोकरी सरकारी पुलांवर गेली. सोबत चिक्कू आणले होते, पण चौकशी मनगटाची कमी आणि नाल्याची जास्त. म्हणाले, “अगं, खांब हा उभा राहायला केलेला असतो. त्याला आडवा पाडून वर आपण चालायचं, हा त्याच्यावर अन्याय आहे.” पंधरा दिवसांनी ते टेप आणि काठी घेऊन नाल्यावर गेले. काठापासून काठापर्यंत चौदा मीटर भरलं.

पुढचं वर्ष बोलण्यात गेलं. २०२४ च्या गणपतीत, आरतीनंतर खिरापत वाटताना, विषय पक्का झाला. व्हॉट्सअॅपवर ग्रुप निघाला. पहिल्या दोन दिवसांत पुलाची एकवीस चित्रं आली, त्यातले चौदा झुलते पूल. फोटो चांगले येतात ना! काकांनी सगळ्यांची समजूत घातली ती कर्नाटकातल्या सुळ्याच्या गिरीश भारद्वाज यांचं उदाहरण देऊन. या माणसाने खेड्यापाड्यांत शंभराहून जास्त झुलते पूल बांधले, २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली. पण ते पूल मोठ्या नद्यांवर, जिथे मध्ये खांब घालणं परवडत नाही तिथे. चौदा मीटरला दोन सरळ लोखंडी गर्डर पुरतात. शिवाय झुलत्या पुलाचे दोर दोन्ही बाजूंना जमिनीत घट्ट गाडावे लागतात आणि आमची जमीन म्हणजे माळव्याची काळी माती.

या काळ्या मातीचं कौतुक आम्ही लहानपणापासून ऐकतो. ‘मालव माटी गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर.’ गहू अप्रतिम होतो, सगळं खरं. पण एप्रिलमध्ये काकांनी मला नाल्याच्या काठावर नेलं आणि एका भेगेत आपली काठी सोडली. हातभर काठी आत गेली. पावसाळ्यात हीच माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वर जे काही बांधलं असेल ते दरवर्षी थोडं उचलते, थोडं खाली सोडते. म्हणून पाया मातीत ठेवायचा नाही. माती पार काढून मुरूम किंवा दगड लागेपर्यंत खाली जायचं. अंदाजपत्रकात सव्वा मीटर खोली धरली होती. खणलं तेव्हा सव्वादोन मीटरवर मुरूम लागला. तो जास्तीचा एक मीटर मला दीड लाखाला पडला. ‘मला’ म्हणते, कारण झोप माझी गेली होती. लोकांना पूल म्हटलं की वरचं लोखंड दिसतं. वर्गणीतला मोठा वाटा जमिनीत गेला आणि तो आता कुणालाच दिसत नाही. ज्यांनी पैसे दिले त्यांना मी मुद्दाम खड्डा बघायला बोलावलं होतं. सात जण आले.

वर्गणीची गोष्ट.

माझे सासरे हुकुमचंद मिलमध्ये होते. अनंत चतुर्दशीला इंदुरात मिलच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात. मिल १९९१ मध्ये बंद पडली, झांकी अजून निघते. सासरे कामगारांकडून झांकीची वर्गणी गोळा करायचे आणि त्यांचा एक नेम होता: पावती आधी फाडायची, पैसे नंतर मागायचे. बँकेच्या शिस्तीला हे अगदी उलटं. आम्ही आधी नोटा मोजायचो, मग शिक्का. पण ‘बोलले’ आणि ‘दिले’ यांच्यातली चार लाखांची दरी बघून मी सासऱ्यांची पद्धत काढली. संध्याकाळी दारात जायचं, चहा घ्यायचा, पेन काढायचं आणि बोललेल्या आकड्याची पावती नावानिशी लिहून समोर ठेवायची. स्वतःचं नाव छापील पावतीवर बघितल्यावर माणूस सहसा मागे हटत नाही. हटले तिघेच. त्यांच्या पावत्या मी तिथल्या तिथे, त्यांच्यासमोर, आडव्या रेघा मारून ‘रद्द’ केल्या. त्यातल्या एकाने दुसऱ्या दिवशी मुलाच्या हाती पैसे पाठवले.

काही जण विचारायचे, “ऐंशी जी मिळेल का?” म्हणजे देणगीवरची आयकरातली सूट. आमचं खातं वस्तीतल्या एका जुन्या नोंदणीकृत मंडळाच्या नावाने होतं, त्याच्याकडे ते प्रमाणपत्र नव्हतं. पण मी उलट विचारायचे, “तुम्ही नवी करपद्धत घेतलीय ना?” घेतली असेल तर ही सूट तशीही नाही. जुनीत असलात तरी दोन हजारांवरची रोख रक्कम चालत नाही. एकदा हे समजावून सांगितलं की करासाठी थांबलेला माणूस कोण आणि नुसताच थांबलेला कोण, ते कळायचं.

नाक्यावरच्या पोहेवाल्याने काउंटरवर आमचा क्यूआर लावू दिला. इंदुरात सकाळी माणसं देवळाआधी पोह्यांच्या गाडीवर जातात, तेव्हा जागा उत्तम. कल्पना माझीच, म्हणून चूकही माझीच: मी आमचा कागद त्याच्या क्यूआरच्या अगदी शेजारी चिकटवला. चौथ्या दिवशी त्याचा फोन. “भाभीजी, डब्बा बोल नी रिया.” सकाळपासून लोक मोबाइल दाखवत होते, पण त्याचा साउंडबॉक्स गप्प. मी खातं उघडलं तर पंचवीस-पंचवीस रुपयांची रांग. संध्याकाळी त्याच्या गाडीवर बसून आम्ही दोघांनी एकेक नोंद जुळवली. ४६ प्लेट. १,१५० रुपये मी त्याला परत केले आणि मंडळाच्या वहीत ‘पोहे परतावा’ असं लिहिलं. ऑडिट करणाऱ्या मुलाने त्यावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं होतं. पोहेवाल्याने त्यातले पन्नास पुन्हा पुलाला दिले, रीतसर पावती घेऊन.

मग पाटीचं प्रकरण. वस्तीतल्या एका गृहस्थांनी एक लाख देऊ केले, अट एवढीच की पुलाला त्यांच्या वडिलांचं नाव द्यायचं, ग्रॅनाइटची पाटी, सोनेरी अक्षरं. बैठक रात्री साडेअकरापर्यंत चालली. अर्ध्यांचं म्हणणं, एक लाख म्हणजे एक लाख. काका इतका वेळ गप्प होते, शेवटी म्हणाले, “पाटी लावा, फक्त तिचं वजन मला आधी सांगा, गणितात धरावं लागेल.” हशा झाला आणि त्या हशात विषय बुडाला. पुलावर नाव कुणाचंच नाही, असं ठरलं. मी त्या ठरावाच्या बाजूने होते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी रकान्यातून एक लाख खोडताना हात जड झाला, हे कबूल करते. ते गृहस्थ आता रोज पुलावरून फिरायला जातात. नमस्कार करतात. मीही करते.

परवानगीबद्दल थोडक्यात: नाला सरकारी, दोन्ही काठ सरकारी, फाइल सात महिने फिरली. शेवटी जी परवानगी आली तिच्यात लिहिलं होतं की काम पूर्ण होताच पूल सरकारजमा होईल. म्हणजे आम्ही गोळा केलेल्या पैशांतून एक भेटवस्तू करायची होती. चालेल म्हटलं.

पाया मे महिन्यात पूर्ण झाला. गर्डर पावसाळ्यानंतर बसवायचे होते, त्यासाठी अडीच लाख कमी पडत होते. आणि १५ जून २०२५ ला, रविवारी, तळेगाव दाभाड्याजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला. चार माणसं गेली. इथल्या मराठी घराघरांत तो व्हिडिओ फिरला, कारण प्रत्येकाचं कुणी ना कुणी पुण्याकडे. जुलैत बडोद्याजवळचा गंभीरा पूल पडला. माझा उजवा रकाना बंद. सहा आठवड्यांत एक रुपया नाही. एका बाईंनी तर दिलेले पाच हजार परत मागितले. मी दिले, त्यांचं चूक काय होतं?

तेव्हा काकांनी जे केलं ते लिहून ठेवण्यासारखं आहे. त्यांनी वस्तीच्या हॉलमध्ये खडूने एक चौरस मीटर आखला आणि त्यात माणसं उभी करायला सुरुवात केली. सहा माणसं मावली, पण अशी की एकाचं कोपर दुसऱ्याच्या पोटात. “ही झाली ४०० किलो,” काका म्हणाले. “पायी पुलाला नियमाप्रमाणे चौरस मीटरमागे एवढा भार धरायचा. आणि जत्रा-यात्रेची गर्दी होणार असेल तर ५००.” मग सातवा माणूस घातला. सातवा म्हणजे आमचे मंडळाचे अध्यक्ष, ते एकटेच शंभराच्या घरात. कुणालाच हलता येईना. “आपण ५०० धरलेत. इंदुरात जत्रा भरायला निमित्त लागत नाही, गुलावटला कमळं बघायला रविवारी काय होतं ते आठवा.” पूल चौदा मीटर लांब, दीड मीटर रुंद, म्हणजे २१ चौरस मीटर, म्हणजे साडेदहा टन. हॉलमधली सगळी माणसं पुलावर चढवली असती तरी निम्मासुद्धा भार झाला नसता. कुणीतरी विचारलं, मग कुंडमळ्याचा का पडला? काका म्हणाले, “लोखंड गंजतं. ते रंगवायला पैसे कुणी बोलत नाही.”

त्या रात्री वहीत मी तिसरा रकाना आखला: ‘रंग’.

पुलाची उंचीही अशीच ठरली, कागदावरून नाही. ऑगस्ट २०२० मध्ये इंदुरात एका दिवसात दहा इंचांवर पाऊस झाला होता. त्या दिवशी नाल्याचं पाणी कुठवर आलं, हे पलीकडच्या गुराख्याने बाभळीच्या खोडावर हात ठेवून दाखवलं. आधी छातीजवळ ठेवला, मग जरा विचार करून खांद्याजवळ नेला. काकांनी खांद्याची खूण धरली आणि तिच्या वर दोन फूट सोडून पुलाचा तळ घेतला.

आता रुंदीचं. सुरुवातीच्या नकाशात ती एक मीटर वीस होती, दोन फिरणारे एकमेकांना ओलांडून जातील एवढी. पलीकडच्या गावातल्या बायका माळावरून गवताचे भारे आणतात. त्यांच्यातली एक पाया खणताना उभी राहून बघत होती. तिने मला विचारलं, “इत्ता ही?” आणि दोन्ही हात पसरून डोक्यावरच्या भाऱ्याची रुंदी दाखवली. मग म्हणाली, “तुमको घूमने का है, हमको आने का.” माझ्या वहीत तोवर पुलाचं नाव ‘निसर्ग-पायवाट जोडपूल’ असं होतं. आम्ही वर्षभर पक्षी, पळस, शुद्ध हवा एवढंच बोलत होतो. तिकडून इकडे कुणाला रोज यायचं असेल, हे आमच्यातल्या एकाच्याही तोंडून निघालं नव्हतं, माझ्यासुद्धा. रुंदी दीड मीटर झाली. तिने वीस रुपये दिले, पदराच्या गाठीतले. पावती नको म्हणाली, मी फाडलीच.

त्याच गावचा आमचा दूधवाला. मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन, रोज अडीच किलोमीटरचा वळसा, गेली अकरा वर्षं. त्याने अगदी पहिल्या आठवड्यात २,१०० रुपये दिले होते. पावती क्रमांक ८७. ‘बोलले’मध्ये त्याचं नाव कधी आलंच नाही, थेट ‘दिले’. ऑक्टोबरमध्ये गर्डर बसत असताना तो थांबला आणि म्हणाला, “भाभी, गाड़ी तो निकल जाएगी नी?”

मी काकांकडे बघितलं. वजनाचा प्रश्न नव्हता, ते त्यांनीच सांगितलं. दोन कॅन भरून एक मोटरसायकल हे पुलाला काहीच नाही. पण एक गेली की दहा जाणार, महिन्याभरात तो रस्ता होणार, आणि पाळीवर सकाळी चालणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मागून हॉर्न वाजणार. परवानगीच्या कागदातही ‘केवळ पादचारी’ असंच होतं. म्हणून दोन्ही टोकांना कमरेएवढा वाकडा कठडा, माणूस वळून जाईल, भारा वरून जाईल, सायकल उचलून नेता येईल, मोटरसायकल नाही. हे सगळं बैठकीत ठरलं होतं. त्या बैठकीला त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

मी घरी जाऊन २,१०० पाकिटात घातले आणि दुसऱ्या सकाळी दुधाच्या वेळी त्याच्यापुढे धरले. त्याने पाकिटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मापं ओतत राहिला. “दे दिए तो दे दिए,” एवढंच म्हणाला. ते पाकीट मी तीन वेळा दिलं. मग खात्यात ठेवलं.

पूल २०२५ च्या डिसेंबरात खुला झाला. फीत नाही, नारळ फोडला, पोहेवाल्याने पोहे आणले, या वेळी पैसे रोख दिले. पत्रे खडबडीत आहेत, पावसात पाय सरकणार नाही. काही जणांना जाळी हवी होती, पण जाळीवर कुत्री चालत नाहीत आणि आमच्या फिरणाऱ्यांत कुत्री भरपूर. एकूण जमा ९,०२,३४०. खर्च ८,८६,९१५. उरले १५,४२५, ते ‘रंग’मध्ये. पूल सरकारजमा झाला, रंगाला कोण धावून येतं ते बघू, तोवर हे राहतील. हिशेबाची प्रत पोह्यांच्या गाडीवर चिकटवलेली आहे, क्यूआरपासून लांब.

दूधवाला अजूनही वळसा घालून येतो. बाकी घरांना तसंच दूध घालतो. मी मात्र आता सकाळी साडेसहाला डबा घेऊन पूल ओलांडते, तो गावातून निघायच्या आधी पलीकडच्या टोकाला गाठते. तो कठड्याच्या त्या बाजूला, मी या बाजूला. परवा माप घालून झाल्यावर वर थोडं जास्तीचं ओतलं आणि कठड्यावर बोटांनी टकटक करून विचारलं, “भाभी, ये एक तरफ से खुलता नी क्या?”

“नी खुलता,” मी म्हटलं. वेल्डिंग केलेलं आहे.